पुष्कराज अंगठीत बसवण्याआधी

सातारा येथील एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा :

“माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. तिथल्या एका लिलावाच्या संकेतस्थळावर त्याने माझ्यासाठी 7.25 कॅरेटचा पुष्कराज बोली लावून 64 डॉलरला घेतला. सोबत प्लास्टिकचे आवरण असलेले प्रमाणपत्र आले असून त्यावर खड्याची किंमत 2,400 डॉलर अशी छापली आहे. खडा त्याच्याकडे पोहोचून बारा दिवस झाले. पुढच्या महिन्यात त्याचा मित्र भारतात येणार आहे, त्याच्याबरोबर मागवून घ्यावा आणि गुरुवार पाहून अंगठीत बसवावा, असा विचार आहे. दुसरे असे की, इथल्याच एका इन्स्टाग्राम पानावर बसरा मोत्यांच्या जुन्या नथीचा लिलाव चालू आहे. बोली 38,000 रुपयांवर आली असून रविवारी रात्री ती बंद होईल. सुनेच्या पहिल्या मंगळागौरीसाठी ही नथ घ्यावी असे मनात आहे. एवढा स्वस्त पुष्कराज खरा असेल का? आणि नथीवर बोली लावू का?”

ताई,

आपला पहिला प्रश्न मुदतीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. मुलाला आजच फोन करा आणि खडा मित्राबरोबर पाठवू नकोस, तिथेच ठेव, असे सांगा. बहुतेक मोठ्या संकेतस्थळांवर माल वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार करण्यासाठी साधारण 30 दिवस मिळतात आणि त्यातले बारा संपले आहेत. नेमकी मुदत किती, हे त्याने व्यवहाराच्या पानावर पाहून घ्यावे. एकदा खडा साताऱ्यात आला, सोनाराने कोंदणात बसवला आणि त्याच्या कडेला पकडीचा एखादा ओरखडा उठला की परत करण्याचा हक्क व्यवहारात संपतो, कारण विक्रेता सरळ म्हणू शकतो की मी पाठवलेला खडा हा नव्हेच. गुरुवार दर आठवड्याला येतो. तक्रारीची मुदत मात्र एकदाच मिळते.

आपण पत्रासोबत त्या पानाची छायाचित्रे पाठवलीत हे फार बरे केले, कारण अर्धे उत्तर त्यांतच आहे. पानाच्या शीर्षकात ‘नॅचरल येलो सफायर कलर टोपाझ’ असे शब्द आहेत. खरेदी करणाऱ्याची नजर ‘नॅचरल’ आणि ‘येलो सफायर’ या शब्दांवर थांबते आणि पुढचे ‘कलर टोपाझ’ निसटून जाते. वाक्य नीट वाचले तर विक्रेत्याने खोटे काहीच सांगितलेले नाही. हा टोपाझ आहे आणि त्याचा रंग पिवळ्या सफायरसारखा आहे, एवढेच तो म्हणतो. आपल्याकडे या घोटाळ्यात भाषेची भर पडते. इंग्रजी-मराठी शब्दकोशांत टोपाझ या शब्दापुढे पुष्कराज असे लिहिलेले आढळते; पण सराफाच्या पेढीवर आणि ज्योतिषाच्या चिठ्ठीत पुष्कराज म्हणजे पिवळा सफायर, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे बनलेले असतात त्या कुरुंदाचाच पिवळा भाऊ. टोपाझ हे अगदी वेगळे खनिज आहे. ते वाईट आहे असे नाही, ब्राझीलमधला केशरी-गुलाबी झाक असलेला टोपाझ तर चांगला महाग असतो. पण साधा पिवळा टोपाझ आणि पुष्कराज यांच्या भावात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्याच्याही खालच्या पायरीला ‘सुनेला’ नावाचा खडा बसतो, जो स्फटिकाचा पिवळा प्रकार असून पुष्कळदा जमुनिया हा जांभळा स्फटिक तापवूनच तयार केलेला असतो. तिन्ही खडे पिवळे, पारदर्शक आणि चकचकीत असतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यांना वेगळे करणे मलाही शक्य नाही.

पडद्यावर एक गोष्ट मात्र करता येते, ती म्हणजे हिशेब. पानावर खड्याची मापे 13 × 10 × 7.8 मिलिमीटर अशी दिली आहेत. कुरुंद हे टोपाझपेक्षा जड खनिज आहे. पाण्याच्या तुलनेत ते सुमारे 4 पट जड, टोपाझ सुमारे साडेतीन पट आणि सुनेला अवघे 2.65 पट. या मापाचा लंबगोल पैलूदार खडा पुष्कराजाचा असता तर त्याचे वजन आठ कॅरेटच्या थोडे वर जायला हवे होते, टोपाझचा असता तर सव्वासात कॅरेटच्या आसपास आणि सुनेला असता तर साडेपाचच्या जवळ. आपल्या खड्याचे वजन 7.25 आहे. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पैलूंच्या ठेवणीप्रमाणे आणि तळाच्या फुगवट्याप्रमाणे वजन दहाव्या हिश्श्याने इकडेतिकडे होऊ शकते. तरीही शीर्षकातला ‘टोपाझ’ हा शब्द आणि वजनाचा हा आकडा एकमेकांना दुजोरा देत आहेत. भावाची बाजूही तेच सांगते. 64 डॉलरना सव्वासात कॅरेट म्हणजे कॅरेटला नऊ डॉलरही पडले नाहीत, आणि स्वच्छ, न तापवलेल्या सिलोनी, म्हणजे श्रीलंकेतल्या, पुष्कराजाचा भाव कॅरेटमागे शेकडो डॉलरमध्ये चालतो.

निकाल लावण्यासाठी मुलाने तिथल्या एखाद्या स्वतंत्र रत्नपरीक्षकाकडे जावे आणि फक्त रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा घेऊन मागावा. खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो हे मोजणारे हे यंत्र तळहातात मावेल एवढे असते. काचेवर विशिष्ट द्रवाचा एक थेंब ठेवून त्यावर खड्याचा सपाट माथा टेकवायचा आणि भिंगातून पट्टीवर सावली कुठे पडते ते वाचायचे, एवढेच काम असते. पुष्कराज असेल तर आकडा 1.76 ते 1.77 येईल, टोपाझ असेल तर 1.61 ते 1.64 आणि सुनेला असेल तर 1.54 ते 1.55. दोन मिनिटांचे काम आहे. न्यूयॉर्कमध्ये जीआयए या नामांकित रत्नपरीक्षण संस्थेची प्रयोगशाळा आहे हे खरे, पण 64 डॉलरच्या खड्यासाठी तिथे शुल्क भरण्यात अर्थ नाही. परीक्षकाने आपल्या कागदावर आकडा, खड्याचे वजन, तारीख आणि सही दिली की तक्रारीपुरते काम झाले.

आकडा 1.76 आला तरी लगेच पेढे वाटू नका. याच आकड्याचा पुष्कराज कारखान्यातही बनतो. फ्रान्समधल्या व्हर्नॉय यांनी ज्योतीत भुकटी वितळवून माणिक घडवण्याची पद्धत 1902 साली जाहीर केली, आणि त्या घराण्यातले लाल, निळे, पिवळे खडे आज किरकोळ भावात मिळतात. रासायनिकदृष्ट्या ते अस्सलच असतात, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर त्यांना पकडत नाही. भिंगाखाली त्यांच्यातल्या वाढीच्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेषांसारख्या वळलेल्या दिसतात, तर निसर्गातल्या खड्यात त्या सरळ किंवा कोनात मोडलेल्या असतात. पण पिवळ्या खड्यांत या वळलेल्या रेषा दिसणे फार अवघड असते आणि जाणकार माणूसही चकतो. त्याशिवाय 2001-02 च्या सुमारास बेरिलियम नावाच्या मूलद्रव्यासह खडे प्रचंड तापवून त्यांना गडद पिवळा-केशरी रंग आणण्याची पद्धत बाजारात आली. ती ओळखण्याची यंत्रणा लहान प्रयोगशाळांकडे नसते. म्हणून परीक्षकाला दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : खनिज कोणते, आणि ते खाणीतले की बनवलेले.

आता त्या प्रमाणपत्राविषयी. त्यावर छापलेली 2,400 डॉलर ही किंमत हाच माझ्या मते सर्वांत मोठा इशारा आहे. रत्नपरीक्षणाचा अहवाल आणि किमतीचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीआयएसारख्या संस्थेच्या अहवालात खड्याचे खनिज, वजन, मापे आणि त्यावर झालेल्या प्रक्रिया यांची नोंद असते, किंमत नसते. जो माणूस 2,400 डॉलरची वस्तू 64 डॉलरला देतो तो एक तर वेडा असला पाहिजे किंवा त्याला आकडा छापायला पैसे लागत नसले पाहिजेत. आपल्या कार्डावर ज्या ‘प्रयोगशाळे’चे नाव आहे तिचा पत्ता नाही, दूरध्वनी नाही, आणि क्रमांक टाकून पडताळणी करता येईल असे पानही नाही. असे कार्ड कोणत्याही छपाईच्या दुकानात होते.

नामांकित प्रयोगशाळेचा खरा अहवाल असला तरी तो त्याच खड्याचा आहे ना, हा प्रश्न उरतोच. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर, लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून वाचता येतो. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर खाणीतल्या दुसऱ्या हिऱ्याच्या अहवालाचा क्रमांक कोरून विकल्याची प्रकरणे खुद्द जीआयएनेच उघड केली आहेत. रंगीत खड्यांवर तर क्रमांक सहसा कोरलेला नसतोच. तेव्हा वजन दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत आणि मापे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अहवालाशी ताडून पाहिल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही. जाता जाता आणखी एक सांगतो. हल्ली पुष्कळ घरांत पेनच्या आकाराचा ‘डायमंड टेस्टर’ असतो. तो उष्णता किती भरभर वाहते एवढेच मोजतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही तो होकार देतो, आणि साधा टेस्टर असेल तर मॉयसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्यालासुद्धा.

आपण लिहिले आहे, “इतक्या लोकांनी बोली लावली, म्हणजे काहीतरी असेलच ना?” या वाक्यापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण ऑनलाइन लिलावात लोक फसतात ते बहुधा याच समजुतीमुळे. चौकातल्या लिलावात वस्तू समोर असते, दहा माणसे ती उलटीसुलटी करून पाहतात, त्यातले दोघे-तिघे धंद्यातले असतात, आणि त्यांनी बोली कुठे थांबवली यावरून नवख्यालाही अंदाज येतो. पडद्यावरच्या लिलावात कोणीच खडा हातात घेतलेला नसतो. सगळे जण त्याच चार छायाचित्रांवर आणि त्याच सहा ओळींवर बोली चढवत असतात, आणि प्रत्येकाला वाटते की समोरच्याला काहीतरी माहीत असणार. त्यातून ज्याची बोली सर्वांत वर जाते तोच जिंकतो, म्हणजेच ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकण्याचा संभव आहे त्याच्याच पदरात वस्तू पडते. शिवाय ती बोली लावणारी माणसे खरी असतील याचीही हमी नाही. विक्रेताच दुसऱ्या नावाने किंवा आपल्या माणसांकडून बोली चढवून घेतो, ही युक्ती लिलावाइतकीच जुनी आहे. संकेतस्थळावर बोलींचा इतिहास दिसत असेल तर तो उघडून पाहावा. एखादे खाते केवळ याच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावते, प्रत्येक वेळी शेवटाच्या जरा आधी माघार घेते आणि कधीच काही जिंकत नाही असे दिसले, तर काय ते समजावे.

हे मी उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे सांगत नाही. 2009 साली मी स्वतः, रत्नपरीक्षणाच्या व्यवसायात पंधरा वर्षे घालवल्यानंतर, रात्री साडेअकरा वाजता परदेशातल्या बारा माणकांच्या एका लॉटवर बोली लावत बसलो होतो. शेवटच्या दहा मिनिटांत कोणीतरी दर वेळी दोन डॉलर चढवत होते आणि मी त्याच्यावर चढवत होतो. खड्यांपेक्षा त्या अनोळखी माणसाला हरवणे मला महत्त्वाचे वाटू लागले होते. लॉट मिळाला. महिन्याभराने पुडी आली. दहा पट दाखवणाऱ्या भिंगाखाली पहिलाच खडा धरून हळूच तिरका केला, तेव्हा लाल रंगात मधूनच निळी झळाळी चमकून गेली आणि भेगांच्या आत चपटे झालेले हवेचे बुडबुडे दिसले. बारापैकी अकरा माणकांच्या भेगांत शिसे मिसळलेली काच भरलेली होती. असा माल 2004 च्या सुमारास बाजारात आला होता, मी त्याबद्दल वाचलेही होते, आणि तरीही फसलो, कारण छायाचित्रात काच दिसत नाही. त्यातला एक खडा प्रयोग म्हणून कारागिराला अंगठीत बसवायला दिला. जोडकाम करून अंगठी तेजाबात उजळायला टाकली आणि बाहेर काढली, तर खड्याच्या माथ्यावर पांढरे जाळे उठले होते. ती अंगठी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. अशा खड्याला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही.

यावर आपण म्हणाल की एवढे मोठे संकेतस्थळ आहे, त्यांची काही जबाबदारी नाही का? ती असते, पण वाटते तेवढी नसते. टिफनी या प्रसिद्ध अमेरिकन जवाहिरे कंपनीने 2004 साली ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला होता. आपल्या नावाचे बनावट दागिने तिथल्या लिलावांत सर्रास विकले जातात, अशी तिची तक्रार होती. 2008 साली खालच्या आणि 2010 साली अपिलाच्या न्यायालयाने निष्कर्ष असा काढला की, आपल्या जागेवर बनावट माल विकला जातो याची सर्वसाधारण कल्पना असणे एवढ्यावरून ट्रेडमार्क-भंगासाठी संकेतस्थळ जबाबदार ठरत नाही. अमुक एक वस्तू बनावट आहे असे दाखवून दिल्यावर ती काढून टाकणे पुरेसे आहे. हा निकाल ट्रेडमार्कच्या कायद्यातला आहे, ग्राहकाच्या परताव्याचा नाही, हे लक्षात घ्या. पण टिफनीसारख्या बलाढ्य कंपनीलाही आपल्या मालाची राखण शेवटी स्वतःच करावी लागली, तर 64 डॉलरच्या खड्याची पारख संकेतस्थळ आपल्यासाठी करील ही अपेक्षा ठेवता येत नाही. त्यांनी दिलेली परताव्याची मुदत हेच आपले खरे संरक्षण आहे आणि ते वेळेत वापरायचे असते.

मुलाने तक्रार करताना ‘फसवणूक’ हा शब्द लिहू नये. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या सदरात तक्रार नोंदवावी, परीक्षकाचा कागद जोडावा आणि सगळा संवाद संकेतस्थळाच्या आतच ठेवावा. विक्रेता गोड बोलून “तक्रार मागे घ्या, मी बाहेरून पैसे पाठवतो” असे म्हणेल, त्याला होकार देऊ नये. शीर्षकात ‘टोपाझ’ असल्यामुळे विक्रेता हात वर करील, ही शक्यता मी आपल्यापासून लपवत नाही. तशा वेळी ते 2,400 डॉलरचे कार्ड आणि वर्णनाच्या खालच्या भागात त्यानेच लिहिलेली ‘सिलोन सफायर’ ही ओळ, या दोन गोष्टी आपल्या बाजूने उभ्या राहतील. ते पान विक्रेता बदलू शकतो, म्हणून त्याची संपूर्ण छायाचित्रे आजच काढून ठेवायला सांगा. रक्कम क्रेडिट कार्डाने भरली असेल तर बँकेकडे तो व्यवहार परत फिरवण्याची मागणी करण्याची वाट आणखी उरते.

आता नथीकडे येतो, आणि इथे माझे उत्तर जास्त कडक आहे.

‘बसरा मोती’ म्हणजे इराणी आखातातल्या शिंपल्यांत निसर्गतः तयार झालेला मोती. एके काळी या मोत्यांची मुंबई ही मोठी बाजारपेठ होती आणि आपल्याकडच्या जुन्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या यांत ते खरोखरच असत. 1920 नंतर जपानी संवर्धित मोत्यांनी, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या मोत्यांनी, तो व्यापार मोडला. आज कोणताही लहान, किंचित पिवळसर, वेडावाकडा मोती ‘बसरा’ म्हणून विकला जातो, आणि तो तसा नाही हे सिद्ध करणे घरबसल्या शक्य नसते. मोती दातावर घासून पाहण्याची जी रीत आहे, तिने प्लास्टिक किंवा काचेचा मोती ओळखता येतो, कारण खऱ्या मोत्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत लागतो. पण संवर्धित मोतीही तसाच खरखरीत लागतो. निसर्गातला आणि संवर्धित यांतला फरक मोत्याच्या पोटात असतो आणि तो पाहायला एक्स-रे लागतो. भिंग असेल तर मोत्याच्या छिद्राच्या तोंडाशी आत घातलेला मणी आणि वरचा मोत्याचा थर यांच्या मधली काळसर रेघ कधीकधी दिसते, परंतु नथीत तारेने छिद्र भरलेले असते. विक्रेत्याने दिलेल्या चित्रफितीत नथ निळ्या मखमलीवर ठेवून तिच्यावर दिव्याचा झोत फिरवला आहे, हे मी पाहिले. तेवढ्यावरून ती पेशवाईतली की मागच्या दिवाळीतली, हे कोणीच सांगू शकणार नाही. जुन्या नथीत नाकात जाणारी तार आणि फिरकी घासून बारीक झालेली असते आणि तारेचे पीळ एकसारखे नसतात. चित्रफितीत नेमका तोच भाग मखमलीत दडलेला आहे.

सोन्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. 1 एप्रिल 2023 पासून सराफाने विकलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून पडताळता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलके डाग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सूट आहे. ‘जुना डाग आहे, त्यावर हॉलमार्क कुठून असणार’ असे विक्रेता म्हणतो ते खोटे नाही, पण ते सोयीचे मात्र आहे. हॉलमार्किंग केंद्रात कोणालाही थोड्या शुल्कात आपला दागिना तपासून मिळतो; तेव्हा 38,000 रुपये मागणाऱ्याने तो आधीच का तपासून घेतला नाही, हे त्याला विचारायला हरकत नाही.

माझी खरी अडचण त्या पानाच्या अटींशी आहे. लिलाव बंद झाल्यावर एका तासात एका खासगी मोबाइल क्रमांकावर यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवायची, नथ कुरिअरने येईल, परत घेतली जाणार नाही, आणि पुडी उघडतानाची अखंड चित्रफीत नसेल तर तक्रार ऐकली जाणार नाही. पानावर दुकानाचा पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. आपण आपल्या हाताने पाठवलेले यूपीआयचे पैसे परत आणणे क्रेडिट कार्डाच्या मानाने फार कठीण असते. ग्राहक संरक्षणाच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवायचा असतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचे असते. पण व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्याला ते नियम लागू नाहीत, आणि “ही माझ्या आजीची नथ आहे” हे वाक्य नेमके याच फटीतून निसटण्यासाठी लिहिलेले असू शकते. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पैसे लुबाडले गेले तर तत्काळ 1930 वर सायबर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहता तिथे म्हणजे साताऱ्यातच दावा लावता येतो. परंतु नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावायची, तेच माहीत नसेल तर या सगळ्याचा उपयोग काय?

सगळेच ऑनलाइन लिलाव असे असतात, असा माझा समज नाही. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्तगुरू यांसारख्या संस्था दागिन्यांचे ऑनलाइन लिलाव करतात, आणि तशा ठिकाणी वस्तू आधी प्रत्यक्ष पाहण्याची सोय आणि प्रयोगशाळेचे अहवाल मागता येतात. तिथला धोका वेगळा असतो. बोलीचा आकडा म्हणजे अंतिम रक्कम नव्हे. तिच्यावर लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे शुल्क आणि कर चढतो, त्यामुळे हातोडा लाखावर पडला तरी खिशातून बरेच जास्त जातात. अटींचा कागद वाचून सगळी बेरीज आधी करावी आणि आपली मर्यादा कागदावर लिहून ठेवावी. माझ्यासारखी रात्री साडेअकराला ठरवू नये.

नथीच्या विक्रेत्याला आपण आजच तीन गोष्टी लिहून कळवा. तारेच्या टोकाची आणि फिरकीची दिवसाउजेडी, मागेपुढे पट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे हवीत. नथ साताऱ्यातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या पेढीवर आणून दाखवावी, तिथे सोने तपासून रक्कम जागीच देऊ. आणि मोती एक्स-रे तपासणीत निसर्गातले ठरले नाहीत तर सात दिवसांत पैसे परत मिळतील असे पक्क्या बिलावर लिहून द्यावे. यातल्या एकालाही त्याने नकार दिला तर रविवारी रात्री पान उघडूच नका. लिलाव संपल्यावर दोन दिवसांनी “पहिल्या गिऱ्हाइकाने माघार घेतली, आपल्याला त्याच भावात देतो” असा निरोप येण्याचा बराच संभव आहे. तो निरोप विक्रेत्याकडूनच आला आहे याचीही खात्री नसते, कारण हरलेल्या बोलीदारांना असे खोटे निरोप पाठवण्याचा स्वतंत्र धंदा चालतो.

मंगळागौरीला वेळ आहे. संवर्धित मोत्यांची, हॉलमार्कच्या सोन्याची नथ आपल्या नेहमीच्या सोनाराकडून घडवून घेतली तर मोत्यांना काय म्हणायचे आणि घडणावळ किती लागली, हे बिलावर स्पष्ट लिहिलेले असेल, आणि सुनेच्या नाकाला ती जड होते का तेही तिथेच पाहता येईल. जुन्या नथी पुष्कळदा जड असतात, ही बाब लिलावाच्या पानावर कोणी लिहीत नाही.

मुलाकडून रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा आला की मला लगेच कळवा. 1.61 ते 1.64 मध्ये असेल तर तक्रारीचा मसुदा मी लिहून देतो; 1.76 असेल तर पुढची तपासणी कुठे करायची ते पाहू. 30 दिवसांची मुदत धरली तर अजून अठरा दिवस हातात आहेत, आणि खडा परत पाठवायला टपालाचे चार-पाच दिवस त्यातच धरावे लागतील.